चांदीचं नाणं घेण्याआधी बट्टा विचारा

धनत्रयोदशी जवळ आली की सुरतेच्या बाजारात चांदीच्या नाण्यांच्या जाहिराती झळकू लागतात. ‘मर्यादित आवृत्ती’, ‘क्रमांकासह प्रमाणपत्र’, ‘संपल्यावर पुन्हा मिळणार नाही’. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये पूर्वी लक्ष्मीपूजनाला एक जुना राणीछाप रुपया पुरत असे. आता दर दिवाळीला एक मखमली डबी येते. चार-पाच वर्षांनी ती डबी सराफाच्या काट्यापाशी गेली की प्रश्न सुरू होतात. एवढं महाग घेतलेलं नाणं इतक्या कमी भावात का मागतात? सरकारी टांकसाळीचं नाणं बँक चांदीच्या भावात परत का घेत नाही? आजीच्या गाठोड्यातले रुपये खरे की दिवाळीचे? आणि परदेशी निघालेल्या मुलीला त्यातला एखादा दिला तर चालतो का?

या सगळ्या गोंधळाचं कारण बहुतेक वेळा सारखंच असतं. नाण्याच्या किमतीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: आतल्या चांदीचा भाव, घडणावळ आणि डबी-प्रमाणपत्राचा खर्च, आणि संग्राहकांची हौस. घेताना तुम्ही तिन्हींचे पैसे मोजता. विकताना खात्रीने परत मिळते ती फक्त पहिली, तीही बट्टा, म्हणजे सराफाची कपात, वजा होऊन. सतराव्या शतकात सुरतेच्या पेढीवरचा सराफ चालू सालाच्या रुपयाला पूर्ण भाव द्यायचा आणि जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा कापायचा. बंदरावर उतरलेल्या परदेशी चांदीचे रुपये इथल्याच मोगल टांकसाळीत पाडले जात, त्यामुळे या शहराला हा हिशेब नवा नाही. मखमली डबीसमोर तो तेवढा विसरला जातो.

आधी ठरवा: चांदी हवी की नाणं?

चांदीचा भाव वाढेल असं वाटतं म्हणून पैसे गुंतवायचे असतील, तर मर्यादित आवृत्तीचं नाणं हा त्यासाठीचा सर्वांत महाग रस्ता आहे. भारतात जानेवारी २०२२ पासून चांदीचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे फंड, उपलब्ध आहेत. त्यांत घडणावळ नाही, टंचाची, म्हणजे शुद्धतेची, काळजी नाही, कपाटाची गरज नाही. तेही अगदी निर्धोक नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा या ईटीएफचे भाव प्रत्यक्ष चांदीच्या वर गेले आणि काही फंड कंपन्यांना चांदीच्या योजनांमध्ये नवे एकरकमी पैसे घेणं थांबवावं लागलं. हातात धातूच हवा असेल, तर ९९९ टंचाची लगडी किंवा साधं, बिनानक्षीचं नाणं घ्या. त्यावरची घडणावळ कमी असते.

एक उदाहरण पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. वाचताना त्या जागी त्या दिवसाचा भाव घाला. दहा ग्रॅमचं ‘विशेष आवृत्ती’ नाणं १,६०० रुपयांना मिळतंय. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या खिशातून १,६४८ रुपये गेले. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात आणि सराफाने ५ टक्के बट्टा कापला, तर हातात ९५० पडतील. नुसतं मुद्दल सुटायला चांदी सुमारे ७३ टक्के वाढावी लागेल.

वाढू शकते, नाही असं नाही. पण किती वाट पाहावी लागेल, हे या धातूचा इतिहास सांगतो. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली आणि मार्चअखेर कोसळली. एप्रिल २०११ मध्ये ती पुन्हा त्या उंचीच्या जवळ जाऊन परतली. ती पातळी ठामपणे ओलांडली गेली ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. रुपया डॉलरसमोर घसरत गेल्यामुळे भारतीय घेणाऱ्याला ही झळ कमी बसली, तरी १९८० च्या जानेवारीत घेणाऱ्याला कोणी हे आधी सांगितलं नव्हतं.

नाण्याची हौस असेल, इतिहासात रस असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. हौसेचे पैसे हौसेच्या खात्यात लिहिले की नंतर वाद उरत नाही.

नाण्यात चांदी किती, ते स्वतः काढा

‘चांदीचं नाणं’ म्हणजे निखळ चांदीचं नाणं, असं गृहीत धरू नका. भारत सरकारच्या स्मारक नाण्यांत शुद्धता वेळोवेळी बदलली आहे. एकूण वजन गुणिले शुद्धता, एवढंच गणित आहे. कंसातली रक्कम ग्रॅमला १०० रुपये धरून काढलेली फक्त धातूची किंमत आहे.

- १९३९ पर्यंतचा ब्रिटिशकालीन रुपया: वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम (१,०६९ रुपये).
- १९४० पासूनचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया: वजन तेच, चांदी निम्मी. शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम (५८३ रुपये). १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे; त्यात चांदीच नाही.
- १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं: १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. शुद्ध चांदी १२ ग्रॅम (१,२०० रुपये).
- १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं १० रुपयांचं नाणं: २२.५ ग्रॅम, ५० टक्के. शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम (१,१२५ रुपये).
- तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं १,००० रुपयांचं नाणं: ३५ ग्रॅम, ८० टक्के. शुद्ध चांदी २८ ग्रॅम (२,८०० रुपये).
- २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं: ३५ ग्रॅम, ५० टक्के चांदी, बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम (१,७५० रुपये).
- २०२४ चं रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं नाणं: ४० ग्रॅम, जवळपास शुद्ध चांदी (४,००० रुपये).

या यादीत दोन गमती आहेत. १९६९ चं नाणं हातात हलकं लागतं, पण १९७२ च्या जाडजूड नाण्यापेक्षा त्यात चांदी जास्त आहे. आणि नाण्यावर लिहिलेल्या रुपयांचा आतल्या धातूशी काही संबंध नाही. शंभराच्या नाण्यात ९० च्या नाण्यापेक्षा कमी चांदी असू शकते.

अर्ध्या चांदीच्या नाण्याला आणखी एक अडचण आहे. तांबं मिसळलेल्या धातूतून चांदी वेगळी करायला खर्च येतो, म्हणून सराफ अशा नाण्यावर बट्टा जास्त धरतो. त्यातही सरकारी नाणं वितळवायला २०११ च्या नाणे अधिनियमाने बंदी आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. या कायद्यात स्मारक नाणीही येतात. म्हणजे संसद भवनाचं नाणं तुम्ही ‘मोड’ म्हणून देऊ शकत नाही. त्याला गिऱ्हाईक मिळेल ते संग्राहकच.

वजनाच्या बाबतीत एक जुना घोळ अजून संपलेला नाही. जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. आज दुकानात ‘तोळा’ म्हणतात तो बहुधा १० ग्रॅमचा असतो. भाव विचारताना आणि सांगताना ग्रॅममध्येच बोला.

‘मर्यादित’ आणि ‘दुर्मीळ’

१९११ साली पाचव्या जॉर्जचा रुपया बाजारात आला आणि लगेच ओरड झाली. राजाच्या गळ्यातल्या पदकमालेवरचा हत्ती नीट उमटला नव्हता. सोंड आखूड दिसत असल्याने लोकांना तो डुकरासारखा वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघांनीही नाक मुरडलं. सरकारने नाणं मागे घेतलं, साठा वितळवला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून नवा रुपया काढला. आज १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा कितीतरी महाग जातो. १९३९ चा रुपयाही असाच: तो फार थोडा पाडला गेला आणि लगेच नाण्यातली चांदी निम्म्यावर आली.

या दोन्ही नाण्यांची दुर्मीळता कोणी जाहिरात करून घडवलेली नव्हती. नाणी वापरात आली, झिजली, वितळली, आणि जी उरली त्यांना मागणी आली. आजच्या मर्यादित आवृत्तीचं उलट असतं. पाच हजार नाणी निघाली तर पाच हजारही डबीबंद, चकचकीत, प्रमाणपत्रासह जपून ठेवलेली असतात. विकायची वेळ सगळ्यांची साधारण एकदमच येते, कारण भाव वाढल्याची बातमी सगळे एकाच दिवशी वाचतात.

म्हणून विक्रेत्याला हे चार प्रश्न विचारा. उत्तर बिलावर किंवा ईमेलवर घ्या:

1. एकूण किती नाणी पाडणार आहात, की जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढी?
2. हीच प्रतिमा वेगळ्या वजनात, वेगळ्या डबीत किंवा पुढच्या वर्षी पुन्हा निघणार का?
3. याआधीच्या अशाच आवृत्तीचं नाणं आज तुम्ही स्वतः कितीला परत घ्याल?
4. परत घेताना घडणावळ, डबी आणि जीएसटीपैकी काय काय कापाल?

तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर चौथा विचारायची गरज नाही.

दुर्मीळतेच्या अफवांचाही मोठा बाजार आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली ५ आणि १० रुपयांची नाणी लाखांना विकली जातात, असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत आहेत. ही चलनात सोडलेली साधी नाणी आहेत आणि त्यांत चांदी अजिबात नाही. ‘आमच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणी शुल्क आणि कर आधी भरा’ असा फोन आला, तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेला इशारा आठवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक स्वतः पडत नाही, कोणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तसा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही.

घराजवळचा इतिहास जास्त मोलाचा

खाजगी कंपनीच्या देवीदेवतांच्या नाण्यांवर जेवढे पैसे जातात, तेवढ्यात दक्षिण गुजरातचा खरा इतिहास हाती येऊ शकतो. सुरतेत राहणाऱ्या मराठी संग्राहकाला तर दोन विषय आयते मिळाले आहेत.

पहिला, ‘जर्ब सूरत’ असा फारसी मजकूर असलेला मोगल रुपया. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळात ही टांकसाळ जोरात होती. वजन साधारण साडेअकरा ग्रॅम, चांदी जवळपास शुद्ध. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेवर स्वारी केली तेव्हा इथल्या पेढ्यांवर खेळत होते ते हे रुपये. साडेतीनशे वर्षांचं वय ऐकून बिचकू नका. हे रुपये प्रचंड प्रमाणात पाडले गेले आणि आजही बाजारात मुबलक आहेत. साधा, झिजलेला सुरती रुपया धातूच्या किमतीपेक्षा फार महाग नसावा. जास्तीचे पैसे द्यायचे ते टांकसाळीचं नाव, साल आणि बादशहाचं नाव स्पष्ट उमटलेलं असेल तेव्हाच. पुढे इंग्रज कंपनीने मोगल बादशहा शाह आलमच्या नावाने आणि सुरतेच्या छापाने रुपये काढणं सुरू ठेवलं, त्यातले बरेच मुंबईत पाडलेले. नावात सुरत आहे म्हणून नाणं इथलंच, असं समजू नका.

दुसरा विषय बडोद्याच्या गायकवाडांचा. सोनगढ ही त्यांची सुरुवातीची गादी, नवसारी त्यांचा प्रांत. सयाजीराव तिसरे यांच्या काळातला यंत्रावर पाडलेला रुपया देखणा आहे: एका बाजूला महाराजांची छबी, दुसरीकडे देवनागरीत ‘एक रुपया’ आणि संवताचं साल. फारसी न येणाऱ्या नवख्या संग्राहकालाही ते वाचता येतं, ही त्याची मोठी सोय.

मराठी माणसाला गाठून विकला जाणारा आणखी एक माल म्हणजे ‘शिवाजी महाराजांचा चांदीचा रुपया’. शिवकालीन म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत ते सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. चांदीचा कोणी दाखवला, तर हात मागे घ्या. होनाच्याही नकला भरपूर आहेत, तेव्हा तो लिलावगृहाच्या लेखी हमीशिवाय नको.

डोळा तयार करायचा तर खरी नाणी पाहावी लागतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे. खान्देशात गावी जाता-येता वाट वाकडी करण्यासारखं ठिकाण. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे.

कुठून घ्यावं

*सरकारी टांकसाळ.* मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चारही टांकसाळी सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहेत. स्मारक नाण्यांची विक्री तिच्या संकेतस्थळावरून होते. बुकिंग ठरावीक काळ चालतं, नाणं हातात यायला वेळ लागतो. ‘प्रूफ’ म्हणजे आरशासारख्या पार्श्वभूमीवर पाडलेलं खास नाणं. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे न वापरलेलं, पण साध्या ठशाचं. दोन्हींच्या किमतीत फरक असतो, धातूत नसतो. टांकसाळीच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळं असतात, त्यामुळे पत्ता अक्षर अक्षर तपासून पैसे भरा. बुकिंग संपल्यावर दलालांकडे तेच नाणं चढ्या भावात दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत तरी त्या भावाला हात लावू नका. टांकसाळीकडून मागवलेली पाकिटं पोचली की भाव बऱ्याचदा उतरतो.

स्मारक नाणं बँकेत दिलंत तर काय मिळेल, हेही लक्षात घ्या. अंकित मूल्य. संसद भवनाचं नाणं दिलंत, तर साडेसतरा ग्रॅम चांदी ७५ रुपयांना देण्यासारखं ते आहे.

*खाजगी शुद्धीकरण कंपन्या आणि सराफ.* यांची ‘नाणी’ कायद्याने नाणी नव्हेत, चांदीच्या चकत्या आहेत. शुद्धता ९९९ किंवा ९९९.९ असेल आणि घडणावळ माफक असेल, तर धातू म्हणून चांगल्या. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंवरच्या हॉलमार्कसोबत सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक येतो. सोन्यासारखी सक्ती अजून नाही, तरी हॉलमार्कचाच माल मागा आणि क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथल्या तिथे तपासा.

*लिलावगृहं.* मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरू इथे नाण्यांचे नियमित लिलाव होतात. छापील कॅटलॉग आणि मागच्या लिलावांचे निकाल पाहायला मिळतात. भाव समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही, भले एकही बोली लावू नका. बोली लावलीत, तर हातोडा पडलेल्या रकमेवर घेणाऱ्याचं कमिशन आणि कर चढतात, हे धरून आकडा ठरवा.

*परदेशी टांकसाळींची नाणी.* ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटची किंवा ब्रिटनच्या रॉयल मिंटची नाणी देखणी असतात. पण कुरियर, सीमाशुल्क आणि इथे विकताना मर्यादित गिऱ्हाईक, या तिन्हींचा बोजा तुमच्यावर पडतो.

टंच आणि नकली माल

सुरतेचा जरीधंदा चांदीच्या तारेवर उभा राहिला, त्यामुळे टंच काढणं इथे परकं नाही. एक्स-रे पद्धतीच्या यंत्रावर नाण्याला धक्का न लावता काही मिनिटांत शुद्धता कळते. हे यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचतं, जाड मुलामा त्याला चकवू शकतो. म्हणून घरच्या घरी आणखी काही तपासा:

- दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन. वापरलेला जुना रुपया ११.६६ पेक्षा थोडा कमी भरेल. जास्त भरला तर संशय घ्या.
- चुंबक. चांदी चिकटत नाही. पण न चिकटणं हा चांदीचा पुरावा नाही. जर्मन सिल्व्हरही बहुधा चिकटत नाही आणि त्यात चांदीचा कणही नसतो.
- पाण्याची चाचणी. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणजे ४० ग्रॅमचं नाणं सुमारे ३.८ मिलिलिटर पाणी सरकवतं. त्याहून बरंच जास्त सरकलं, तर धातू हलका आहे. प्रूफ नाण्यावर मात्र ही चाचणी करू नका.
- कडा आणि अक्षरं. ओतीव नकलेवर बारीक खड्डे आणि बोथट अक्षरं दिसतात.

दिवाळीला विकले जाणारे चकचकीत ‘राणीछाप’ रुपये बहुधा नव्याने पाडलेले असतात. पूजेला हरकत नाही. जुनं नाणं म्हणून जादा पैसे मात्र देऊ नका. रेषा पाडून, आम्ल टाकून टंच बघणाऱ्याच्या हातीही संग्राह्य नाणं देऊ नका. परीक्षा होईल आणि किंमत जाईल. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपन्यांच्या बंद प्लास्टिक पेट्याही नकली मिळतात. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवा.

कर आणि कायदा

खरेदीच्या वेळी ३ टक्के जीएसटी लागतो आणि तो परत मिळत नाही. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम विक्रेत्याला रोखीने घेता येत नाही.

विकताना: प्रत्यक्ष चांदी किंवा नाणं २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलं, तर जुलै २०२४ नंतरच्या नियमांनुसार नफ्यावर १२.५ टक्के दराने दीर्घकालीन भांडवली कर आहे, महागाईची सवलत नाही. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. ‘ही तर पूजेची नाणी, घरगुती वस्तू’ हा बचाव चालत नाही. याच मुद्द्यावरच्या एका खटल्यात महाराजा राणा हेमंतसिंहजी यांनी महालक्ष्मीच्या पूजेत ठेवली जाणारी सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि लगडी वैयक्तिक वापराच्या आहेत असं म्हणणं मांडलं होतं. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं.

वारशाने आलेल्या नाण्यांवर मिळताना कर नाही. विकताना आजी-आजोबांची खरेदी किंमत धरली जाते, आणि नाणी १ एप्रिल २००१ पूर्वीची असतील तर त्या दिवसाचं बाजारमूल्य धरता येतं. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून ते लिहून घेतलंत तर कर बराच कमी होतो.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे चलनातले रुपये १९२२ पर्यंतचे, म्हणजे सगळेच या कक्षेत. परदेशी निघालेल्या मुलीला राणीछाप रुपया देऊ नका. त्याऐवजी सहाव्या जॉर्जचा किंवा १९६९ चा गांधींचा द्या. आणि जुन्या घराच्या पायात नाण्यांचा हंडा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मजुरांत वाटून टाकलेले हंडे पोलिसांपर्यंत जातात.

ठेवायचं कुठे

नाणं घासू नका. चिंच, टूथपेस्ट, राख, पॉलिश, काहीही नको. वर्षानुवर्षांत चढलेला निळा-तपकिरी रंग संग्राहकाला हवा असतो, घासलेलं नाणं तो धातूच्या भावात मागतो. चांदी काळी पडते ती गंधकाने, म्हणून रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद दूर ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो. त्याऐवजी कडक कॅप्सूल आणि सोबत सिलिका जेलची पुडी. सुरतेच्या दमट पावसाळ्यात ती पुडी बदलत राहा. मूळ डबी आणि प्रमाणपत्र टाकू नका; त्यांच्याशिवाय आधुनिक स्मारक नाण्याची किंमत निम्मी होऊ शकते.

लॉकरबाबत सुरतकरांनी एक मुद्दा नीट वाचावा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तींत बँक जबाबदार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचं हे शहर बुडालं होतं. तळमजल्यावरचा लॉकर घेण्याआधी त्या पुरात तिथे पाणी किती चढलं होतं, ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

फसवणूक झाली तर

बिलावर वजन, शुद्धता, चांदीचा दर, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घेणं हा तुमचा हक्क आहे. ‘पक्कं बिल घेतलं तर महाग पडेल’ असं सांगणाऱ्याकडून नाणंच घेऊ नका, कारण नंतर हातात काही पुरावा उरणार नाही.

- आधी विक्रेत्याला लेखी तक्रार द्या. सोबत टंचाचा अहवाल जोडा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.
- जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच दावा करता येतो, विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.
- ऑनलाइन पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

विकताना

साधे राणीछाप, राजाछाप रुपये आणि ९९९ ची खाजगी नाणी सराफाकडे नेता येतात. किमान तीन ठिकाणी भाव विचारा आणि प्रत्येक ठिकाणी ‘चांदीच्या आजच्या भावावर किती टक्के कापता?’ असंच विचारा. एकरकमी आकड्यात बट्टा लपतो. सरकारी स्मारक नाणी, सुरती किंवा गायकवाडी रुपये आणि दुर्मीळ सालांची नाणी सराफाला देऊ नका. ती नाणेविक्रेत्याकडे किंवा लिलावाला जावीत. लिलावात पैसे हातात यायला काही महिने लागू शकतात, म्हणून लग्न किंवा शाळेची फी यासाठी या नाण्यांवर विसंबू नका.

घरात एक वही ठेवा: नाणं, साल, वजन, कधी आणि कितीला घेतलं, बिल कुठे आहे, आणि विकायचं झालं तर सराफाकडे की लिलावाला. लॉकरला नॉमिनी नेमा आणि वही त्याला दाखवून ठेवा, म्हणजे १९११ चा रुपया चांदीच्या भावात जाणार नाही.